आत्याचा मान आणि फादरचं पत्र

मावशींच्या घरात सध्या आत्या रुसली आहे. आमच्याकडे बारशाला आत्या रुसली तर ते समजण्यासारखं आहे. बाळाच्या कानात नाव सांगायचा हक्क तिचा, पाठीवर धपाटे खायचा मानही तिचाच. पण मावशींकडे बारसं नाही, नातवाचा बाप्तिस्मा आहे. त्या वसईतल्या जुन्या कॅथलिक घरातल्या, निर्मळच्या अलीकडे त्यांची केळीची वाडी, आणि ती आणि आमची वाडी यांच्यामध्ये फक्त मेंदीची वई. तिच्यावरून कढीपत्ता, ताक आणि बातम्या यांची ये-जा चालते. बातम्यांची आवक त्यांच्याकडून जास्त, हे मी आधीच कबूल करते.

"रुसायला काय झालं?" मी विचारलं.

"गॉडमदर व्हायचंय तिला."

"मग होऊ द्या की. सख्खी आत्या आहे."

"मी कुठे अडवते गे बाय? फादरचं पत्र कोण आणणार?"

इथे गाडी अडलेली. गॉडमदर किंवा गॉडफादर व्हायचं तर स्वतः कॅथलिक असावं लागतं, सोळा वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेलं असावं लागतं आणि श्रद्धेला धरून वागणं असावं लागतं. आपल्या चर्चमधून तसं पत्र आणायचं असतं. ही आत्या म्हणजे मावशींची थोरली. तिने कॉलेजातल्या एका मराठा मुलाशी कोर्टात लग्न केलं, चर्चमध्ये केलंच नाही. तेव्हा केवढं रामायण झालं ते मी वईच्या या बाजूने सगळं ऐकलेलं आहे. मग दोघांनी संसार छान केला, मावशींचा राग विरघळला, जावयाला आता माशाचा तुकडा आधी वाढतात. पण चर्चच्या हिशेबी ते लग्न लागलेलंच नाही.

"मग आता लावून घ्या म्हणावं," मी म्हटलं. "जावई ख्रिस्ती व्हायला हवा का त्यासाठी?"

"छे! तो हिंदूच राहिला तरी चालतं. बिशपांची परवानगी काढायची. वचन द्यायचं ते आमच्या पोरीने, की मी माझा धर्म सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून जमेल तेवढं करीन. त्याला फक्त कळवायचं असतं की बाबा रे, हिने असं असं कबूल केलंय. पूर्वी दोघांनाही लिहून द्यावं लागायचं. फादर चारदा बोलले तिला. ती म्हणते, मुलगा दहावीला आलाय माझा, आता काय मी नवरी होऊन उभी राहू?"

मला विचाराल तर आत्याचं चुकलं नाही. सून दवाखान्यात होती तेव्हा रात्री जागल्या त्या तिने. बाळाला कावीळ झाली तेव्हा निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या त्या पोराकडे बघत बसली तीच. आणि गॉडमदर कोण ठरली? तर सुनेची मावसबहीण, कुवेतला नर्स आहे ती. कागदपत्रं चोख, तिथल्या चर्चचं पत्र दोन दिवसांत मोबाइलवर हजर. बाळाला तिने आजवर पाहिलंय ते व्हिडिओ कॉलवर. बाप्तिस्म्याला ती येणारही नाही. तिच्या जागी दुसरी कुणीतरी उभी राहील आणि चोपडीत नाव मात्र तिचं लागेल.

मी हे बोलले तेव्हा मावशींनी हातातला कोयता खाली ठेवला. म्हणजे आता लांबलचक येणार.

"हे बघ, तुमच्या बारशासारखा हा मान नाही. ही ड्यूटी आहे. उद्या आईबाप ढेपाळले तर पोराला देवळात नेणारी, प्रार्थना शिकवणारी ती गॉडमदर. साडी मिळते म्हणून उभं राहायचं नसतं. माझी गॉडमदर माझ्या लग्नापर्यंत दर सणाला येऊन विचारायची, मिस्साला जातेस का? मी तिला बघितलं की माडाआड लपायची."

"मग कुवेतवाली विचारेल का?"

"व्हॉट्सॲपवर विचारेल," मावशी म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

मावशींच्या काळी तर आईसुद्धा बाप्तिस्म्याला नसायची. पोर जन्मलं की आठवड्याच्या आत चर्चमध्ये न्यायचं, आणि बाळंतीण तर अजून खोलीत शेक घेत पडलेली. गॉडमदरच बाळाला कडेवर घेऊन जायची. एवढी घाई का, तर पोरं जगतील याचा भरवसा नसे, आणि बाप्तिस्म्याविना गेलेलं मूल देवाजवळ न पोचता लिंबोत राहतं, अशी समजूत. ना दुःख ना देवाचं दर्शन, अशी ती जागा. मावशींच्या आईचं एक मूल असं गेलेलं, आणि म्हातारीने आयुष्यभर त्याचा घोर घेतला. खरं तर लिंबो हा चर्चचा पक्का सिद्धांत कधी नव्हताच. 2007 मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने स्पष्ट लिहिलं, की अशी बाळं देवापाशी पोचतात अशी आशा धरायला भक्कम आधार आहे. म्हातारी त्याआधीच गेली होती. मावशींनी हे मला सांगितलं ते केळीचं पान पुसता पुसता, आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेल्या.

दुसरा विषय म्हणजे सुईणी. पूर्वीच्या सुईणींना बाप्तिस्मा देता येत असे. पोर जाईलसं वाटलं तर फादरची वाट बघायची नाही. डोक्यावर पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते म्हणायचं. झाला. पोर वाचलं तर पुन्हा पाणी ओतायचं नाही, चर्चमध्ये नेऊन बाकीचे विधी तेवढे पुरे करायचे.

"पण सुईण ख्रिस्ती हवी ना?"

"नको. जीव जात असेल तर कुणीही देऊ शकतं. चर्चला जे करायचंय तेच करायचा हेतू मनात हवा, एवढंच."

"कुणीही म्हणजे मीसुद्धा?"

"तूसुद्धा."

"म्हणजे मी तुमच्या नातवाला बाप्तिस्मा देऊ शकते, पण त्याची गॉडमदर होऊ शकत नाही?"

मावशी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "बरोबर," म्हणाल्या. "पण तू हे आमच्या थोरलीला सांगू नकोस."

तयारीचा वर्ग शनिवारी संध्याकाळी झाला. आईबाप आणि धर्ममाता-धर्मपिता यांना बसवून फादर समजावून सांगतात. पाणी कशासाठी, ख्रिझमाचं तेल कशासाठी (ते पवित्र आठवड्यात बिशप आशीर्वादित करतात आणि मग गावोगावच्या चर्चमध्ये जातं), पांढरं वस्त्र का आणि ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती का पेटवायची. मावशींचा मुलगा ड्यूटीवरून थेट गेलेला, निम्मा झोपेत. विधीच्या सुरुवातीला दारातच फादर विचारतात, या बाळासाठी देवाच्या चर्चकडे तुम्ही काय मागता? उत्तर असतं, बाप्तिस्मा. फादरनी सराव म्हणून यालाच विचारलं. हा म्हणाला, "सर्टिफिकेट."

अख्खा वर्ग हसला म्हणे. फादरही हसले, पण मग बोलले ते बोललेच. मला त्या मुलाची बाजू घ्यावीशी वाटते. कॉन्व्हेंटच्या ॲडमिशनचं भूत त्याच्या मानेवर आत्तापासून बसलंय, आणि तो निदान खोटं बोलला नाही.

शिवाय त्या सर्टिफिकेटची चोपडी काय साधी नाही. बाप्तिस्मा ज्या चर्चमध्ये झाला, तिथल्या नोंदवहीत माणसाचा सगळा प्रवास चढत जातो. दृढीकरण झालं, नोंद. लग्न झालं, मग ते दुबईत होवो की कॅनडात, तिथून कागद येतो आणि इथे नावापुढे नोंद. त्यामुळे लग्न ठरलं की मुलाकडून नवा उतारा मागवतात. मावशींच्या नात्यातल्या एका मुलीला परदेशातलं स्थळ आलेलं, गोरंगोमटं, पगार घसघशीत. उतारा आला तेव्हा त्यात आधीचं एक लग्न निघालं. "पोलिसांनाही सापडलं नसतं," मावशी अजून अभिमानाने सांगतात, जणू चोपडी त्यांनीच लिहिली.

नावावरूनही घरात दोन तट होतेच. आजोबांना गोन्सालो हवं. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचा, 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर चढवला गेलेला, 1862 मध्ये संत ठरला, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत. यावर कुणी काय बोलणार? सून बोलली. शाळेत पोरं गोन्सालोचं गोणपाट करतील, म्हणाली. तिला दोन अक्षरी, इन्स्टाग्रामवर शोभणारं नाव हवं. फादरनी सांगितलं की संताचंच नाव ठेवा अशी सक्ती नाही, ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसलं म्हणजे झालं. आजोबांनी हा नियम कधीचा ते विचारलं, आणि 1983 चा आहे म्हटल्यावर "तरीच!" एवढंच बोलून पेपर वाचायला घेतला. शेवटी गोन्सालो मधलं नाव म्हणून बसवलं आहे.

मंत्र म्हणताना फादर 'आम्ही' म्हणणार नाहीत ना, अशी एक नवी धास्ती सुनेने काढली. तिच्या मामेभावाने अमेरिकेतून कळवलेलं. तिकडे ॲरिझोनात फिनिक्समध्ये एक फादर वर्षानुवर्षं "मी बाप्तिस्मा देतो"च्या जागी "आम्ही देतो" म्हणत आले. रोमने 2020 मध्येच सांगितलं होतं की असा बाप्तिस्मा धरला जाणार नाही. त्या फादरांचं हे उघड झाल्यावर लोकांना शोधून पुन्हा पाणी घ्यायला बोलवायची वेळ आली. आमच्याकडे नगरसेवकसुद्धा स्वतःला आम्ही म्हणतात, त्यांचं काही बिघडत नाही.

आता जेवणाचं. फुगे घरीच तळायचे की सांगायचे, यावर मला बोलायचा अधिकार नाही, पण मी बोलले. घरीच. विकतच्या फुग्यांना ताडीचा वास येत नाही. पन्नास माणसं म्हणता म्हणता दोनशेवर गेलीत, हॉल बुक झालाय, केकवर बाळाच्या पावलांचे ठसे असणार आहेत. चर्चमधलं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. त्याच्या मागे हा सगळा मांडव. मावशींना तो आवडत नाही आणि कमी केलेलाही चालत नाही.

राहता राहिली आत्या. परवा मावशींनी तोडगा काढला आणि मला वईशी बोलावून घेतलं, चेहरा अगदी उजळलेला.

"फादरना विचारलं मी. दोन माणसं लागतातच असं नाही. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता, एकटं माणूसही पुरतं! मग मी म्हटलं, गॉडमदर नकोच. सुनेचा धाकटा भाऊ एकटाच गॉडफादर. सतरा पूर्ण झालीत, दृढीकरण गेल्या वर्षीच झालंय, पत्र त्याच चर्चचं. कुणाचा प्रश्नच नाही!"

मी म्हटलं, मावशी, तुम्ही कलेक्टर व्हायला हव्या होतात.

काल आत्या माहेरी आली होती. मी कढीपत्ता तोडायच्या निमित्ताने उभीच होते. ती ओसरीवर बसून फोनवर मोठ्याने बोलत होती, आणि पलीकडे कुवेत. ज्या दोघी महिनाभर एकमेकींचं नाव घेत नव्हत्या, त्या आता तासभर गप्पा मारत होत्या. आईने मुद्दाम केलं यावर दोघींचं एकमत. कुवेतवालीने चांदीचं काहीतरी घेऊन ठेवलं होतं म्हणे, ते ती आता परत करणार. आत्याने पांढरा झगा शिवून घेतलाय, तो मात्र ती देणार, पण सुनेच्या हातात नाही, बाळाच्या अंगावर स्वतः घालणार, मग फादर काय म्हणायचं ते म्हणोत.

संध्याकाळी मावशी वईशी आल्या. "रविवारी तू जेवायला ये, पण आत्याच्या टेबलावर बसू नकोस. ती विचारेल तुला मी काय काय बोलले ते."

"मी कशाला सांगेन?" मी म्हटलं.

आत्याच्या शेजारच्या टेबलावर जागा धरायला माझ्या धाकटीला सांगून ठेवलंय.