मेसेज कधीचा?

‘खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, नदीकाठच्यांनी ताबडतोब सामान हलवावे.’ जुलै लागला की पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा निरोप फिरू लागतो. परवा रात्री साडेअकराला आमच्याकडे आला आणि तळमजल्यावरच्या मावशी तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला लागल्या.

‘मावशी, मेसेज कधीचा आहे?’

‘आत्ताचा. हे बघ ना, ११:३२.’

११:३२ ही तो मावशींच्या फोनवर येऊन पडल्याची वेळ. लिहिला कधी, हे मजकुरात कुठेच नव्हतं. चार जणांना विचारत मागे गेलो तेव्हा कळलं, मूळ निरोप दुपारी तीनचा. मधल्या काळात विसर्ग कमीही केला होता.

मावशींच्या घाबरण्याला कुणी हसू नये. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय टेकवत. खडकवासला धरणातून सुटणारं पाणी त्या दिवशी ३५ हजार क्युसेकच्या पुढे गेलं होतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ३५ हजार म्हणजे सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. अशा पाण्यासमोर तासाभरापूर्वीचा आकडाही शिळा असतो. आठ तासांपूर्वीचा आकडा ताजा म्हणून हातात देणं हा माझ्या मते सरळसरळ गुन्हा आहे, मग देणाऱ्याचं मन कितीही चांगलं असो.

मूळ निरोपात खोट नसते. किती वाजता, किती क्युसेक, कोणत्या धरणातून, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वाटेत कुणीतरी वेळेची ओळ उडवतं, वर ‘अतिमहत्त्वाचे’ चिकटवतं, लाल दिव्यांची रांग लावतं, आणि बातमीची अफवा होते. एकही शब्द खोटा न लिहिता! भिडे पूल पाण्याखाली गेल्याचा फोटो बघा. पूल जवळजवळ दरवर्षी बुडतो आणि दर वेळी तसाच दिसतो, त्यामुळे कोणत्याही सालचा फोटो आजचा म्हणून खपतो. ‘उद्या शाळांना सुट्टी’ हे जिल्हाधिकाऱ्यांचं पत्रही तसंच. तारखेचा कोपरा कापला की ते पुढच्या पावसाळ्यात पुन्हा कामाला येतं, आणि कुणाचं तरी पोर भरल्या वर्गाला मुकतं.

छापील पेपरात तारीख रोज पहिल्या पानावर, नावाच्या जवळच असते. १९९९ मध्ये संकेतस्थळांवरच्या नव्या बातम्या आपोआप आणून देणारी आरएसएस फीड आली, तीतही बहुतेक बातम्यांसोबत मूळ संकेतस्थळाचं नाव आणि प्रसिद्धीची वेळ यायची. अशा फीड वाचण्यासाठीचं गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झालं. बातम्या आता त्याच खिडकीतून येतात जिथून काकांचा ‘शुभ सकाळ’ येतो. त्याला माझी हरकत नाही. आईला दुसरं अ‍ॅप उघडायला सांगण्यापेक्षा बातमीनेच तिच्यापर्यंत यावं हे बरं. पण येताना बातमीने आपलं नाव-गाव घेऊन यावं.

ते नसलं की काय होतं, हे महाराष्ट्राने १ जुलै २०१८ ला पाहिलं. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज तेव्हा गावोगाव फिरत होते. कुठली टोळी, कोणत्या गावात, कोणत्या दिवशी? विचारणारा एकही आवाज त्या गर्दीला थांबवायला पुरला नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये, खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ अशी दुहेरी बाणाची खूण त्याआधीच आली होती. ही खूण मेसेज बऱ्याच हातांतून गेलाय एवढं सांगते. तो निघाला कधी, ते सांगत नाही. किती वेळा पुढे गेला याची मोजणी मेसेजसोबत प्रवास करू शकते, तर पहिल्यांदा पाठवल्याची तारीख का नाही? कंपनीने ती दाखवलीच पाहिजे, आणि मोठ्या अक्षरांत.

तोवर आमच्या ग्रुपपुरतं ठरवून घेतलंय: विसर्गाचा मेसेज तारीख-वेळेसकटच टाकायचा. ती नसेल तर टाकणाऱ्याने आधी स्वतः फोन करून खात्री करायची, आणि टाकून झाला असेल तर स्वतः खाली येऊन मावशींचे डबे माळ्यावरून उतरवायचे. परवा ते मी उतरवले. सात डबे होते, आणि मावशी बासष्ट वर्षांच्या आहेत.