खरखर विकणे आहे

भारतात युनेस्कोचे सल्लागार म्हणून काम केल्यावर रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपची खरखर दाबण्यासाठी. १९८२ साली सीडी आली आणि खरखर संपलीच. आता तीच खरखर, वर तबकडीवरची धूळसुद्धा, संगणकावरच्या ध्वनिमुद्रणाला जोडायच्या प्लगइनमध्ये भरून विकली जाते. कमीजास्त करायला बटण वेगळे! टेपमुळे आवाजाला गोलाई येते, असा यावर युक्तिवाद होतो. तो खराच आहे: टेपवर आवाज ठासून भरला की त्याची टोके बोथट होतात आणि ते कानाला गोड लागते. पण त्यासाठी खरखर कशाला? जुन्या ध्वनिमुद्रणातला जिवंतपणा सगळे वादक एकत्र बसून, चुकले तर पुन्हा पहिल्यापासून वाजवत, त्यातून यायचा. ते प्लगइन मात्र कुणी मागत नाही.