हॉल्ट सर

लातूरला शिकलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला असे एक इंग्रजीचे सर आलेले असतात. आमचे अजून नांदेडच्या एसटीत भेटतात. मी झोपेचं सोंग घेतो, पण चाकूरच्या स्टँडात बस कुरकुरत थांबली की बरगडीत कोपर बसतंच. "बघ! ग्राइंड टू अ हॉल्ट!"

वर्गात एकानं याचा अर्थ 'दळून थांबणे' असा लिहिला, तेव्हापासून सर पेटले. "अरे, तू गिरणीत आलास का? यंत्राचे दात एकमेकांवर घासायलेत, वेग उतरायलाय, मग कुठं ते थांबतं. खचकन थांबलं तर ते हे नव्हं!"

"सर, 'घोडं पेंड खातं' चालेल का?"

"घोडं मजेत खातंय रे. यंत्राला त्रास व्हायला पाहिजे."

एकदा अहमदपूरच्या अलीकडं म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि शेजारणीच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या शर्टावर. मी उत्साहानं म्हणालो, "सर, हॉल्ट!"

"चूक. घासलं कुठं?"

घासत मी होतो, शर्ट.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरच्या नळांची पाळी लांबत लांबत नळ कोरडे पडले. सर खूश: हे बरोबर उदाहरण! टाक्यांपाशी 144 कलम, पाच जण जमायची बंदी. सर तिघांनाच गाठून शिकवायचे, चौथे ते स्वतः. 12 एप्रिलला मिरजेहून 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं. गाव पाणी बघत होतं, सर चाकांचा आवाज ऐकत होते.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण मात्र एका पोरानं दिलं, तेव्हा सर फळ्याकडं वळले आणि पुसलेलाच फळा बराच वेळ पुसत राहिले.

पुढं डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा आली. भौतिक, रसायन, जीव. इंग्रजीला मार्कच नाहीत. सरांच्या शिकवणीत 60 पोरं होती, मग 20 झाली, मग 3. त्या तिघांपैकी एक सरांचा पुतण्या, म्हणजे बिनफी.

परवा लोह्याच्या अलीकडं म्हणाले, "खोली जीवशास्त्रवाल्याला दिली. बाकं राहू दे म्हणला." मी बरगडी सावरून बसलो. बस खरडत, कुरकुरत लोह्याच्या स्टँडात शिरली आणि थांबली. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

शेवटी मीच कोपर मारलं. "सर, हॉल्ट."

"अं? हं... आलं का लोहा?"