अळीमिळी गुपचिळी

पटकथाकाराचं पोट शब्दांवर चालतं, असा माझा समज होता. आपल्याकडे माणसं थिएटरातून बाहेर पडतात तीच संवाद घोळवत, त्यामुळे तो पक्काही झाला होता. तो मोडला तैवानचे पटकथाकार वू निएन-जेन यांनी.

जन्म १९५२चा, उत्तर तैवानातल्या रुइफांगच्या डोंगरात. वडील खाणकामगार. स्वतः शिकले हिशेबशास्त्र, तेही नोकरी सांभाळून रात्रीच्या वर्गात. पुढे सत्तरच्या वर पटकथा लिहिल्या; पण जमाखर्चाची सवय सुटली नसावी. शब्द खर्च करताना हात आखडताच.

‘अ सिटी ऑफ सॅडनेस’चंच पाहा. १९८९ साली व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळालेला हा चित्रपट होउ श्याओ-श्येन यांचा. लेखन वू आणि चू तिएन-वेन या दोघांचं. नायक टोनी ल्युंग हाँगकाँगचा. त्याला तैवानी बोली येईना. दुसऱ्या कुणी डबिंग करून वेळ मारून नेली असती. इथे नायकालाच मुका-बहिरा केलं! जे सांगायचं ते तो चिठ्ठीवर लिहितो. लेखक दोन, आणि नायक जवळपास काहीच बोलत नाही. पण कथा १९४७ साली सरकारी फौजांनी केलेल्या हत्याकांडाच्या काळातली. १९८७मध्ये लष्करी कायदा उठेपर्यंत तैवानात त्या विषयावर तोंड उघडायची सोय नव्हती. अडचणीतून निघालेली युक्ती अशी वर्मावर बसली.

वडिलांवरचा ‘अ बॉरोड लाइफ’ (१९९४) त्यांनी स्वतःच दिग्दर्शित केला. त्यातला बाप मुलाला सिनेमाला नेतो, खुर्चीत बसवतो आणि मित्रांबरोबर मौज करायला हळूच सटकतो. मूल अंधारात, पडद्याच्या हवाली. पटकथाकार घडवण्याचा याहून स्वस्त अभ्यासक्रम मला ठाऊक नाही. एडवर्ड यांगच्या ‘यी यी’त (२०००) तर वू स्वतःच पडद्यावर आले. भूमिका अर्थातच मितभाषी, दमलेल्या कर्त्या पुरुषाची.

माझा जीव मात्र ‘डस्ट इन द विंड’मध्ये (१९८६) अडकलाय. गोष्ट वूंच्याच तरुणपणावरून घेतलेली. पोरगा सक्तीच्या लष्करी सेवेत, पोरगी मागे तैपेईत. तो पत्रं धाडत राहतो आणि शेवटी ती लग्न करते पत्रं आणून देणाऱ्या पोस्टमनशी. टपालखात्यावर एवढा विश्वास कुणी टाकू नये! सेवा संपवून तो घरी येतो. परसात आजोबा. आता म्हातारा पाठीवरून हात फिरवणार, चार शहाणपणाचे बोल सुनावणार, म्हणून आपण सावरून बसतो. म्हातारा बोलतो ते वादळाबद्दल आणि यंदाच्या रताळ्यांबद्दल.

मीही अधूनमधून लिहितो. पानभर सांत्वन लिहून झालं की हल्ली त्या आजोबांना आठवतो, सांत्वन खोडतो आणि रताळी ठेवतो.