आधी जुनी ओएमआर काढा

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत थोडक्यात हुकलं, की घरात ठरतं: रिपीट करायचं. लातूरच्या ट्यूशन एरियात रिपीटर बॅचचे फलक लागलेलेच असतात. फी भरली जाते, मेस लागते आणि पहिल्या दिवशी फळ्यावर काय येतं? भौतिकशास्त्रात एकके आणि मापन, जीवशास्त्रात सजीव जगत. अकरावीचे पहिले धडे! जीवशास्त्रात ३६० पैकी ३२० मिळवलेली पोरगीही त्याच बाकावर, त्याच धड्याला. मला हा तिच्या वर्षावर सरळ अन्याय वाटतो.

तिचं नेमकं काय चुकलं, हे कुणी विचारतच नाही. खरं तर सगळं हाताशी असतं. परीक्षा घेणारी एनटीए ओएमआरची, म्हणजे गोळे भरलेल्या उत्तरपत्रिकेची, स्कॅन प्रत आणि उत्तरसूची दोन्ही उपलब्ध करून देते. त्या शेजारी-शेजारी ठेवा, प्रश्नपत्रिका उघडा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायला लावा. धडाच येत नव्हता? रीत बरोबर होती, पण आकडेमोडीत घसरली? ‘अयोग्य विधान ओळखा’ म्हटलेलं असताना योग्य विधान शोधून आली? की शेवटच्या दहा मिनिटांत गोळे भरताना रांग चुकली?

बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला वजा १. म्हणजे चुकलेला एक प्रश्न बरोबर आला, तर फरक ५ गुणांचा. नुसते नीट न वाचल्याने गेलेले १२ प्रश्न सावरले, तरी ६० गुण. त्यासाठी एकही नवा धडा लागत नाही. ज्याला धडाच येत नाही, त्याने जरूर पहिल्यापासून शिकावं. पण आधी कळू तर द्या, तो कोण आहे ते.

आणि हो, पेपर दुपारी २ ते ५ असतो. १८० मिनिटांत १८० प्रश्न. होस्टेलवर पोरं रात्री दोनपर्यंत जागतात आणि जेवल्यावर पेंगतात. सराव परीक्षा दुपारी दोनलाच द्यायला हवी, कागदावर, पेनाने गोळे काळे करत.

पालकांनाही एक सांगायचंय. ‘वर्षभर बसून दहाच गुण वाढले?’ हे वाक्य घरात उच्चारू नका. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी ७२० मिळवणारी मुलं होती. २०२५ मध्ये देशात पहिला आलेला मुलगा ६८६ वर होता. खुल्या गटाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर आली. अवघड पेपरात सगळेच खाली येतात, म्हणून रँक बघा. शिवाय इंजिनिअरिंगच्या जेईई मेनला जानेवारी आणि एप्रिल, दोन्हींपैकी चांगला स्कोअर धरतात. नीटमध्ये मागच्या वर्षीचा स्कोअर यंदाच्या प्रवेशाला चालत नाही. रिपीटर पोरगं जुनं सगळं सोडून पुन्हा बसलेलं असतं. त्याच्या डोक्यावर आणखी ओझं कशाला?

क्लासवाले प्रवेशाच्या वेळी फोटो, आधार, बारावीची गुणपत्रिका सगळं मागतात. ओएमआर कुणी मागत नाही. तेव्हा पहिला हप्ता देण्याआधी टेबलापलीकडच्या माणसाला विचारा: हिचा गेल्या वर्षीचा पेपर हिच्यासोबत बसून कोणते सर बघणार, आणि कोणत्या तारखेला?