गच्चीवरचं माळवं

2016च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आता त्याच शहरात गच्च्यांवर माळवं पिकतंय. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, हिरवी जाळी, ठिबकच्या नळ्या. एवढ्या भांडवलावर मेथीची दीड जुडी निघते. तिचा फोटो नांदेडच्या पाहुण्यांपर्यंत पोचतो. हे गच्चीवरचे शेतकरी नशीबवान. ना सातबारा, ना पीकविम्याची रांग, ना आडत. भाव पडला म्हणून कोथिंबीर रस्त्यावर फेकायची वेळ येत नाही, कारण ती बाजारात जातच नाही. खाली हातगाडीवर मात्र हेच लोक दहा रुपयांच्या जुडीवर घासाघीस करतात. कुंडीमुळे म्हणे शेतकऱ्याचे कष्ट कळले! कळले असतील, तर सांगेल तो भाव द्या की.