दगड चाकासाठी होता

आमच्या गॅरेजला गॅरेज म्हणणारा मी एकटाच. बायको अजून त्याला गोठा म्हणते. तिचंही चुकत नाही. गव्हाण तशीच आहे, फक्त तिच्यात कडब्याऐवजी ऑइलचे रिकामे डबे असतात. जमीन मातीची. बैलजोडी गेली, शेत ठेक्याने दिलं, आणि बैल बांधायच्या जागी आमची लहान गाडी उभी राहू लागली.

मी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. घरात मराठी आणि वर्गात हिंदी, हे आमच्याकडे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालत आलंय. पास्कलचा नियम मी हिंदीत शिकवायचो आणि मुलांना कळला नाही की मराठीत ओरडायचो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. लहान दट्ट्यापेक्षा मोठ्या दट्ट्याचा व्यास पाचपट असेल तर जोर पंचवीसपट मिळतो. फळ्यावर मी या हिशेबाने हत्तीसुद्धा उचलले आहेत. ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिराने १७९५ साली याच तत्त्वावर दाबयंत्राचं पेटंट घेतलं, हे मी परीक्षेत येत नसतानाही सांगायचो. अशा माणसाने ट्रॉली जॅक घेताना दुसऱ्या कुणाला काय विचारायचं?

पण विचारावं लागलं, कारण दुकान सौसरला होतं आणि सौसरला माझी सासुरवाडी आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर तहसील आमच्या जिल्ह्यात आली. तेव्हापासून सासरची मंडळी जिल्ह्याच्या कामाला माझ्या गावी येतात, पण माझा मान काही वाढलेला नाही. मेहुणा संत्र्याच्या गाड्या भरतो. टायर, पाने आणि जॅक यांच्यातच त्याचं आयुष्य गेलं. तो बरोबर आला.

दुकानदाराने विचारलं, ‘‘दो टन का दूं, या तीन टन का?’’ मी हिंदीत उत्तर दिलं. पाच मिनिटं आम्ही दोघं हिंदीत बोललो. मग त्याने आतल्या पोराला ‘‘काऊन रे, डब्बा कुठी ठेवला?’’ म्हणून हाक मारली, तेव्हा दोघांचंही बिंग फुटलं.

‘‘जवाईबापू,’’ मेहुणा म्हणाला, ‘‘गाडी साडेआठशे किलोची. त्यात तुम्ही एकच कोपरा उचलणार. दोन टनाचा बी जास्त झाला. गाडीखाली जागा किती हाय, मोजली का?’’

मोजली नव्हती. सव्वीस वर्षं पोरांना ‘आधी माप, मग निष्कर्ष’ सांगणारा मी, टेप घरी ठेवून आलो होतो. ते कबूल करण्याऐवजी मी दुकानात पास्कल काढला. दुकानदार ऐकत राहिला. तीन टनाचा जॅक विकला जातोय असं दिसलं की दुकानदार काहीही ऐकतो.

‘‘अन् घोड्या घ्या दोन,’’ मेहुणा म्हणाला. घोडी म्हणजे उचललेल्या गाडीखाली लावायचा लोखंडी टेकू. ‘‘जॅक उचलते, धरून ठेवाचं काम त्याचं नाही. बागेत फांदी लदली का बांबूचा टेकू देतेत न? मंग गाडीले काऊन नाही द्याचा?’’

‘‘तीन टनाच्या जॅकला टेकू?’’ असं म्हणून मी हसलो. ते हसू अजून आठवतं. जॅक तीस किलोच्या आसपास होता. डिक्कीत ठेवायला दोन माणसं लागली, आणि मी त्यांतला एक नव्हतो.

पुढे महिनाभर चाक पंक्चर झालं नाही. मी रोज सकाळी गोठ्यात जाऊन जॅकचा दांडा दोन-तीनदा हलवून यायचो. पोळा आला. आमच्याकडे आता बैल नाही, तरी बायकोने ताट केलं आणि गोठ्यात गेली. जरा इकडेतिकडे बघून तिने जॅकलाच हळदकुंकू लावलं, पुढ्यात पुरणपोळीचा तुकडा ठेवला. मी विचारलं, तर म्हणाली, ‘‘गोठ्यात चार पायांचं आन् ओझं उचलणारं तेवढंच एक हाय.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं पुढचं डावं चाक जमिनीला टेकलेलं होतं.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्या गावात गोटमार. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, वर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधे दगड. दरवर्षी बंदीची चर्चा होते, दरवर्षी डोकी फुटतात. त्या दिवशी पंक्चरवाला दुकानात सापडणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरदेव न सापडण्यासारखंच, फक्त उलटं. तो सकाळपासून नदीवर. बायकोला माहेरी जायचं होतं. मी बाह्या सरसावल्या.

पहिली अडचण तिथेच आली. जॅक गाडीखाली जाईना. हवा गेल्यामुळे गाडी खाली बसली होती आणि तीन टनाचा जॅक दोन टनाच्यापेक्षा अंगाने उंच होता. दोन बोटांचा फरक. म्हणजे जॅक आत जायला चाकात हवा पाहिजे, आणि चाकात हवा असती तर जॅक कशाला पाहिजे होता? मी काही वेळ या प्रश्नाकडे नुसता बघत उभा राहिलो. मग विचार केला, गाडी वर होत नसेल तर जमीन खाली करावी. मातीचीच तर आहे. सब्बल घेतली, जॅकच्या मापाचा खड्डा खणला, जॅक त्यात बसवला. चपखल बसला. मला स्वतःचा अभिमान वाटला.

आता मागच्या चाकांना ओट लावायला दगड हवे होते. हे नियमातलं होतं आणि नियम मी पाळणार होतो. गोठ्यात एकही धड दगड नाही, म्हणून गल्लीत गेलो. गल्लीतले चांगले दगड पोरांनी आधीच नेले होते. वळणावर दोन मिळाले, हाताच्या पंज्याएवढे, धारदार. ते घेऊन परत येताना माझेच दोन माजी विद्यार्थी मोटरसायकलवरून आले.

‘‘गुरुजी, तुम्ही बी?’’

‘‘अरे, चाकासाठी आहेत.’’

‘‘हो हो. चाकासाठीच राहतेत.’’ आणि जाता जाता, ‘‘आपल्या काठावरूनच माराजा!’’

ओट लावले. नट सैल केले. दाराखालच्या पट्टीला जॅकची वाटी टेकवली आणि दांडा मारायला लागलो. गाडी उचलली जाऊ लागली. पास्कल बरोबर होता! बायकोला हाक मारली.

ट्रॉली जॅकची चाकं कशासाठी असतात, ते मला त्या क्षणी कळलं. मी समजत होतो, ढकलत न्यायला सोपं पडावं म्हणून. पण जॅकचा हात सरळ वर जातच नाही. तो कंपाससारखा कमानीत वर जातो, आणि वाटी हळूहळू मागे सरकते. गाडी जागेवर असते, म्हणून जॅकनेच घरंगळत तिच्याखाली पुढे सरकायचं असतं. त्यासाठी चाकं. माझ्या जॅकची चारही चाकं मी चपखल खड्ड्यात पुरून ठेवली होती. जॅक सरकेना, वाटी सरकली. पट्टीवरून ती सुटल्याचा करकर आवाज आला, गाडी धप्पकन खाली बसली आणि दांडा उसळून माझ्या डाव्या भुवईवर आला. गाडीखाली माझा हात नव्हता. त्या दिवशी मी केलेली शहाणपणाची गोष्ट तेवढीच.

बायको म्हणाली, ‘‘रक्त येते.’’ मग म्हणाली, ‘‘मी सांगून राहिली होती न, गोठा हाय तो.’’

शेजारच्या पोराने स्कूटरवर बसवलं. सगळी औषधपाण्याची सोय नदीकडेच होती, तिथे तंबूत माझ्या आधी सात-आठ जण डोकी धरून बसले होते. वहीवाल्या मुलाने नाव विचारलं, वय विचारलं, मग न बघता विचारलं, ‘‘पांढुर्णा की सावरगाव?’’

‘‘गोठा,’’ मी म्हणालो.

त्याने पांढुर्णा लिहिलं. मी जॅकचं सांगायला लागलो. पास्कलपर्यंत पोचलो तेव्हा त्याने नर्सला हाक मारली आणि माझ्या डोक्याला मार जास्त असल्याचं सांगितलं. तीन टाके पडले.

तिसऱ्या दिवशी सौसरहून मेहुणा आला. खड्डा बघितला, काही बोलला नाही. खड्डा बुजवून त्यावर जाड फरशी टाकली, गाडीबरोबर आलेला तो क्षुल्लक कात्री-जॅक लावला आणि दहा मिनिटांत चाक बदललं. तीन टनाचा तो बरोबर घेऊन गेला, त्याच्या पिकअपला कामात येतो म्हणाला. कपाळाच्या खुणेबद्दल गावात मला अजून कुणी विचारत नाही. माजी विद्यार्थी नमस्कार मात्र पूर्वीपेक्षा वाकून करतात.

त्या वर्षीच्या गोटमारीतल्या जखमींच्या वहीत माझं नाव आहे. कारणाच्या रकान्यात ‘पत्थर’ लिहिलंय.